लुडविनाची पिवळी चिठ्ठी

शनिवारी दुपारी चारनंतर आमच्या रिसेप्शनवर जे लोक येतात, त्यांचा खोली तयार आहे का हा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, "लुडविना आहे ना अजून?"

चौदा वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. छातीवर नावाची पट्टी आहे, तिच्यावर ठळक अक्षरांत रोझाबेल लिहिलं आहे. आमच्या बेटाच्या राजधानीत, ओरान्येस्तादला शिकून मी हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतली. चार भाषांत स्वागत करते. आणि ही माणसं माझ्या खांद्यावरून मागच्या लिफ्टकडे बघत विचारतात, लुडविना आहे ना.

लुडविना वेर्लेमान पाचव्या मजल्यावरच्या बारा खोल्या साफ करते. सहावीपर्यंत शिकली आहे. बेटाच्या मधल्या सांता क्रूझ गावाच्या मागच्या बाजूला, निवडुंगाच्या कुंपणातल्या दोन खोल्यांत एकटी राहते. मूलबाळ नाही. एकतीस वर्षं झाली तिला इथे, म्हणजे इमारतीचा पहिला रंग वाळायच्या आधीपासून. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. अंगाने बारीक, चालताना एक पाय किंचित ओढते, आणि हसते तेव्हा मोठा आवाज होतो. इतक्या लहान देहातून एवढा आवाज निघतो कसा, असं नव्या माणसाला वाटतं.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पाहुणे नसतात. वर्षातल्या एका आठवड्याचे मालक असतात. कोणाचा सातवा आठवडा, कोणाचा नववा. तोच आठवडा, तीच खोली, वर्षानुवर्षं. जाताना एक खोका आमच्या कोठीत ठेवून जातात: आवडता कप, उशी, पत्त्यांचा जोड, नातवंडांचा फोटो. पुढच्या वर्षी आल्यावर तो त्यांनीच उघडायचा, असा नियम आहे. लुडविना ते लोक यायच्या आदल्या तासाला खोका उघडते आणि सगळं जागच्या जागी मांडते. डावखुऱ्या माणसाचा कप डाव्या बाजूला. एखादा मालक मधल्या वर्षात वारला असेल, तर दोन उशांपैकी एक ती खोक्यातच राहू देते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. आमच्या अभ्यासक्रमात तर नव्हतंच.

माझ्या वाट्याला काय येतं? सकाळी दहाला खोली सोडा. चारच्या आत मिळणार नाही. समुद्रकाठच्या झापाच्या छत्रीखाली पहाटे टॉवेल टाकून जागा अडवता येणार नाही. मनगटाचा पट्टा हरवला तर नवा मिळणार नाही. दिवसभर मी नाही म्हणत असते. मग तेच लोक वर जातात आणि लुडविना त्यांना हो म्हणते. जास्तीची चादर, हो. उरलेली फुलं अजून दोन दिवस राहू दे, हो. मीही पाचव्या मजल्यावर असते तर हो म्हणाले असते, असं मला कधी कधी वाटतं. पण ते कोणाला सांगणार?

आणि हे सगळं मी सोसलं असतं, नातुशा नसती तर.

नातुशा माझी मुलगी. तिचे वडील ती तीन वर्षांची असताना शेजारच्या कुरासाव बेटावर कामाला गेले ते तिकडचेच झाले. शाळा सुटली की बस तिला आमच्या फाटकावर सोडायची. माझी पाळी सहापर्यंत. मग ती कामगारांच्या जेवणघरात जाऊन बसायची, आणि तिथे तीन वाजता लुडविनाची जेवणाची सुट्टी असायची. मी काउंटरवर हसत उभी असताना माझी मुलगी लुडविनाच्या डब्यातली पान बाती, आमच्याकडची मक्याची जाड पोळी, खायची आणि टॉवेलांच्या घड्या घालायला शिकायची. वाचायला तिला मी शिकवलं. ताप आला की रात्रभर मी जागले. पण पहिला दात पडला तो तिने लुडविनाला आधी दाखवला. तांता म्हणते तिला, म्हणजे मावशी. माझी सख्खी बहीण आहे, तिला ती नावानेच हाक मारते.

आता ती अठरा वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये हॉलंडला जायची आहे, ग्रोनिंगनला, नर्सिंग शिकायला. प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी कामावरून घरी आले, तर टेबलावर केक होता. अर्धा संपलेला.

"तांता आली होती," नातुशा म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवलाय."

अर्धा!

मी पोरीच्या काळजीने अर्धी झाले होते. तिने आयुष्यात पंचवीस अंशांच्या खाली हवा पाहिलेली नाही. रस्त्यावर बर्फ असेल, ती घसरेल, कोणाला कळणार नाही. दरवाजा आतून लावायला विसरेल. चार वाजताच अंधार पडतो म्हणे तिकडे. दीड वर्षापासून माझ्या मनात एक बेत होता. मी तिच्याबरोबर जाणार, पहिले दहा दिवस राहणार. दोघी मिळून दुकानात जाऊन तिला जाड कोट घेणार, कारण आमच्या बेटावर असला कोट कुठे मिळणार? नातुशाला माझं येणं फारसं पसंत नव्हतं. "सगळ्यांच्या आया काय येतात का?" पण कोटाचं ऐकून गप्प बसायची. कोट हेच माझं कारण होतं.

फेब्रुवारी संपता संपता, नवव्या आठवड्याच्या गुरुवारी, ती अगदी खुलून घरी आली.

"आई, कोट मिळाला!"

"कसला कोट?"

"व्हिटकोमबाईंचा. ५१२ वाल्या. खरा लोकरीचा, आतून अस्तर, पार गुडघ्याखाली येतो. त्या म्हणतात, यापुढे मी कुठे एवढ्या थंडीत बाहेर पडणार. तांताने विचारलं त्यांना माझ्यासाठी."

"तांताने विचारलं?"

"हो. मग आता तुला उगीच यायला नको. एवढी रजा कशाला घालवतेस?"

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

व्हिटकोमबाई बोस्टनच्या बाजूच्या. तेवीस वर्षं त्यांचा नववा आठवडा आहे. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तेवीसपैकी चौदा वर्षं त्या मला रोझलिन म्हणतात. मी पहिली तीन वर्षं दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्या काउंटरवर आल्या. "रोझलिन, माझं विमान चारचं आहे. उद्या मला एक वाजेपर्यंत राहू दे गं."

"शनिवार आहे, मॅडम. दहा."

"अगं, तेवीस वर्षं माझं घर आहे ते."

"दहानंतर ते दुसऱ्यांचं घर आहे," मी म्हणाले.

नियम खरा होता. पण तो सांगण्याच्याही तऱ्हा असतात. मी कोणत्या तऱ्हेने सांगितला ते बाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या लिफ्टकडे वळल्या.

शनिवारी दहा वाजता माझ्या पडद्यावर ५१२ समोर खूण आली, पाहुणे गेले, सफाई सुरू. मी पाहिलं तर बाई खाली आलेल्याच नव्हत्या. लुडविनाने आपल्या हातातल्या यंत्रावर ती खूण केली होती आणि बाकीच्या अकरा खोल्या आधी उरकायला घेतल्या होत्या. ५१२ शेवटी. मला न विचारता, मी नाही म्हटलेलं माहीत असून तिने हो म्हटलं होतं.

पाऊण वाजता लिफ्ट उघडली. बाई, त्यांची चाकांची बॅग, आणि बॅग ओढणारी लुडविना. लुडविनाच्या खांद्यावर डोकं ठेवून बाई रडत होत्या. लुडविना पाठीवर थोपटत होती, आमच्याकडे लाडक्या माणसाला म्हणतात तसं दुशी म्हणत होती. "पुढच्या वर्षी या, दुशी. नाही आलात तर मी तुमचा कप फोडून टाकीन." बाई रडता रडता हसल्या. मग त्या एकट्या काउंटरकडे आल्या. दाराशी टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता.

आमच्याकडे एक पद्धत आहे. जाणारे लोक खूप काही मागे ठेवतात. अर्धी तेलाची बाटली, न फोडलेली तांदळाची पिशवी, वाळूत बसायच्या खुर्च्या. ते साफ करणाऱ्यांना मिळतं. पण फाटकाबाहेर न्यायचं तर पिवळी चिठ्ठी लागते. तिच्यावर वस्तू, खोली, कोणाला दिली ते लिहायचं आणि पाहुण्याने निघण्याआधी सही करायची. निघाल्यावर केलेली सही चालत नाही. चिठ्ठी नसली तर फाटकावर ती वस्तू चोरीची धरतात. साखरेची पुडी असली तर ताकीद. मोठी वस्तू असली तर नोकरी जाते. आणि चिठ्ठी पुढे करणं रिसेप्शनचं काम. "काही मागे ठेवलंय का?" हे वाक्य मी दर शनिवारी साठ वेळा म्हणते. मालक लोकांच्या ते कधी डोक्यातच येत नाही. आपल्याच घरातली आपलीच वस्तू देताना सही कसली, असं त्यांना वाटतं.

बाईंनी किल्लीचं कार्ड काउंटरवर ठेवलं. "वर लुडविनासाठी एक वस्तू ठेवलीय. तिला माहीत आहे."

पिवळं पुस्तक माझ्या उजव्या हाताशी होतं.

"शुभ प्रवास, मिसेस व्हिटकोम," मी म्हणाले.

मी विसरले नव्हते. घाईतही नव्हते. मला एवढंच वाटलं की त्या कोटावर मी माझ्या अक्षरात लुडविनाचं नाव लिहिणार नाही. माझ्या मुलीचा कोट, माझ्या हातून, तिच्या नावाने? नाही.

५१२ तयार व्हायला सव्वापाच वाजले. नवव्या आठवड्यातून दहाव्यात जाणाऱ्या त्या सात तासांत एक कुटुंब तीन मुलं आणि बर्फाची पेटी घेऊन आमच्या सोफ्यावर बसलं होतं. बापाने मला सगळ्यांदेखत विचारलं, "ही तुमची व्यवस्था? आम्ही या आठवड्याचे मालक आहोत की भिकारी?" मी चार भाषांत माफी मागितली.

सहा वाजता फाटकावरून वालेरियोचा फोन आला. पहारेकरी आहे, पण स्वतःला पोलीस समजतो.

"५१२ ची पिवळी चिठ्ठी आहे का? एक कोट आहे. चांगला भारीतला दिसतोय."

मागून लुडविनाचा आवाज ऐकू आला. "अरे, मी काय इथे बर्फात फिरायला जाणार आहे? दिलाय बाईंनी!"

"चिठ्ठी आहे का?" वालेरियोने पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

रविवारी नातुशा दिवसभर माझ्याकडे बघत होती. दुपारी मक्याच्या पिठाची फुंची ताटात तशीच ठेवून तिने विचारलं, "काल काउंटरवर तूच होतीस ना?"

"होते."

"मग बाई जाताना काही बोलल्या नाहीत?"

"शनिवारी साठ खोल्या रिकाम्या होतात, नातुशा. कोण काय बोललं ते मी लक्षात ठेवायचं?"

"तांताला काढतील, आई. चौदा महिने उरलेत तिचे."

"नियम तिलाही माहीत आहेत. एकतीस वर्षं झाली तिला."

"तू एवढी शांत कशी?"

मी शांत नव्हते. मी सिंकजवळ जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासली. डोक्यात एकच फिरत होतं. माझ्यावर कोणी चोरीचा आळ घातला, नोकरी गेली, तर ही पोरगी जेवण टाकून अशी बसेल का?

सोमवारी व्यवस्थापकांनी बोस्टनला फोन लावून पाहिला. आमच्या फाइलमधला नंबर वारलेल्या नवऱ्याचा होता आणि तो बंद झाला होता. ईमेलला उत्तर नाही. मंगळवारी अकरा वाजता मला वर बोलावलं. व्यवस्थापक मेनेर दिर्क्स टेबलामागे, कोट टेबलावर, लुडविना खुर्चीच्या कडेवर. गणवेशाला इस्त्री केली होती तिने. काढायचंच असेल तर नीटनेटक्या कपड्यांत जावं, असं काहीतरी असावं मनात.

"लुडविना, ५१२ उशिरा का दिलीस?" दिर्क्सनी विचारलं.

"म्हातारं माणूस, मेनेर. विमानतळावर पाच तास कुठे बसवणार त्यांना?"

"परवानगी?"

"नव्हती. ती चूक माझी."

"आणि कोट?"

"दिला मला. चिठ्ठी मी बघायला हवी होती. तीही माझीच चूक."

"म्हणजे सगळं तुझंच. मग मी काय करू, सांग."

"ते तुम्ही ठरवायचं. मी काय खोल्या साफ करणारी."

दिर्क्स माझ्याकडे वळले. "रोझाबेल, बाई काउंटरवर काही बोलल्या होत्या? आठवून सांग. बोलल्या नसतील तर मला हिला आजच मोकळं करावं लागेल."

इथे मी चांगली बाई झाले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे जे आलं ते असं: लुडविनाची नोकरी गेली आहे आणि ती माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे. नातुशा तिला रोज आणते आहे. ऑगस्टपर्यंतचे सगळे दिवस तिचे झालेत. विमानतळावर नातुशा बिचाऱ्या तांताच्या गळ्यात पडून रडते आहे आणि मी बॅगा धरून बाजूला उभी आहे. पुढे जन्मभर, प्रत्येक फोनवर, तांता कशी आहे, तांताचं कसं चाललंय. लुडविना नोकरीवर राहिली तर निदान दिवसाचे आठ तास पाचव्या मजल्यावर असते. हाकलली तर ती कायमची माझ्या घरात राहायला येणार होती.

"बोलल्या होत्या," मी म्हणाले. "लुडविनासाठी वस्तू ठेवलीय म्हणाल्या. मी चिठ्ठी पुढे केली नाही."

"विसरलीस?"

"नाही."

दिर्क्सनी चष्मा काढला, पुन्हा घातला. एवढ्या सरळ उत्तरासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता. शेवटी त्यांनी लुडविनाला ५१२ बद्दल लेखी समज दिली आणि मला कामात कसूर म्हणून त्याहून जाड कागद. पाहुण्याच्या सहीच्या जागी स्वतः सही करून पिवळी चिठ्ठी त्यांनी मला तिथेच भरायला लावली. वस्तू: कोट. कोणास दिली: लुडविना वेर्लेमान. अक्षर माझंच.

बाहेर व्हरांड्यात वाऱ्याने तिचे केस उडत होते. कोट हातावर घेऊन ती उभी राहिली.

"मी शनिवारी लिफ्टपाशीच होते, रोझाबेल," ती म्हणाली. "बाई बोललेलं ऐकलं मी."

"मग आत का नाही बोललीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते."

"आणि नसते बोलले तर?"

"तर नसती बोललीस. नातुशाच्या आईमुळे माझी नोकरी गेली, एवढं मला एकटीला माहीत राहिलं असतं." मग ती मोठ्याने हसली, तिच्या नेहमीच्या आवाजात. "आणि वालेरियोला! तो मेला सगळ्या बेटाला सांगत सुटला असता."

मला हसू आलं नाही. तिने मला ओरडायला हवं होतं. एकदा तरी वाईट वागायला हवं होतं, म्हणजे आम्ही दोघी एका पायरीवर आलो असतो.

संध्याकाळी मी बसची वाट न बघता टॅक्सीने घरी गेले. लुडविनाची पाळी पाचला सुटते, माझी त्या दिवशी चारला सुटली. ही गोष्ट तरी नातुशाला आधी माझ्याकडून कळावी, एवढंच माझ्या मनात होतं. ती अंगणात कपडे काढत होती. मी तिथेच उभ्याने सांगितलं. पुस्तक हाताशी होतं हे सांगितलं, विसरले नव्हते हे सांगितलं. तुझ्याबरोबर यायचं होतं मला, तेवढ्यासाठी केलं, हेही सांगितलं.

तिने हातातली चादर दोरीवर परत टाकली, फोन घेतला आणि कुंपणाकडे गेली. कोणाला लावला हे मला विचारावं लागलं नाही. वीस मिनिटं ती पाठमोरी उभी होती. मध्ये एकदा हात उडवून काहीतरी जोरात बोलली, मग आवाज उतरला.

आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"तांता म्हणते, ओरडू नकोस आईला. उद्या सकाळची पाळी आहे तिची," ती म्हणाली. "आणि म्हणते, कोटाच्या खिशाला भोक आहे, हातमोजे तिकडेच घ्यावे लागतील. तेवढ्यासाठी आईला ने."

ती ओरडली नाही. ताटं मांडायला गेली. दहा दिवसांच्या रजेचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला, आणि दिर्क्सनी तो मंजूर केला. माझ्या मुलीबरोबर मी हॉलंडला जाते आहे, लुडविनाच्या सांगण्यावरून.